नित्य पाडव्याची बखर

श्री. काना, मात्रा, वेलांटी यांस दंडवत, आणि जें अक्षर जागचें हललें त्यासही दंडवत. शके एकोणीसशें अठ्ठेचाळीस, पराभवनाम संवत्सर, तिथी चैत्र शुद्ध प्रतिपदा, एकेचाळिसावी, ते दिवशीं भर दरबारीं सवाल जाहला कीं, “महाराज, उद्या कधी होणार?” सवाल करणार भिवरा, कन्या पदाजी मिठागरे यांची, उमर पंधरा, एका चपलेचा अंगठा तुटलेला, आणि तिजमागें खांबाआड दोघी सख्या, ठकी आणि मैना, हंसूं फुटूं नये म्हणोन तोंडांत ओढणीचे बोळे कोंबून उभ्या, कां कीं पैज त्यांणींच घातली होती. आदले दिवशीं, म्हणजे चाळिसाव्या पाडव्यास, मैना म्हणाली होती, “एवढं वाटतं ना तुला, मग विचार की भर दरबारात. नाही विचारलंस तर जन्मभर भित्री भागूबाई म्हणू.” आणि भिवरा म्हणाली, “विचारते, त्यात काय!” आणि म्हटल्यावर ती रात्रभर सवाल घोकीत बसली, परंतु तें कोणास दिसलें नाहीं, सबब तें धैर्यच मानावें.

आतां हा सवाल कां उत्पन्न जाहला तें सांगणें प्राप्त. या राज्याचें नांव घेऊं नये ऐसा संकेत आहे. राज्यांत एक खाडी, खाडीचे अलीकडे शहर, पाठशाळा, दरबार, आणि पलीकडे मिठागरें. खाडी बेभरंवशाची, सबब सरकारी होडीवांचून कोणीं ती ओलांडूं नये ऐसी सक्त ताकीद. होडी कधीं सोडावी हें सांगणेंस सरकारांनीं एक यंत्र बांधविलें. यंत्राचे पोटांत आज्ञांची वही. तींतल्या आज्ञा वाचोन यंत्रानें रोज सकाळीं आपले आपण होडीपत्र छापावें, त्यांत तिथी, पाणी आणि होडी खुली कीं बंद, इतकें असावें. यंत्रशास्त्री वहींत वरचेवर दुरुस्त्या करीत, आणि एक दुरुस्त करतां दुसरें बिघडत असे, म्हणोन यंत्राची रोज कसोटी घ्यावी ऐसें ठरलें. कसोटीचे अधिकारी अंताजीपंत बरहुकूमनवीस, अंगानें काठी, नाकावर चष्मा, चष्म्यावर दुसरा चष्मा. यंत्र प्रथम चाललें तें पाडव्याचे मुहूर्तावर, आणि त्यानें छापिलें कीं, ‘आज चैत्र शुद्ध प्रतिपदा. भरती सात हात. सण सबब पैलतीरची होडी बंद.’ सर्वांनीं पाहिलें, अक्षर न अक्षर खरें निघालें, टाळ्या जाहल्या, आणि तोच कागद ‘असल’ ठरला. मग रोजचा कागद असलावर ठेवावा, उजेडास धरावा, अक्षरावर अक्षर बसलें तर पंतांनीं “बरहुकूम!” म्हणोन शिक्का मारावा, न बसलें तर “तफावत!” म्हणोन यंत्रास मोहोर ठोकावी आणि ते दिवशीं होडी सोडूं नये, ऐसा कायदा जाहला.

दुसरे दिवशीं यंत्रानें छापिलें, ‘आज चैत्र शुद्ध द्वितीया. भरती सहा हात. पैलतीरची होडी खुली.’ पंतांनीं कागद असलावर ठेविला, उजेडास धरिला आणि गरजले, “तफावत!” तीन दिवस ऐसेंच जाहलें, आणि चौथे दिवशीं पंतांचे बुद्धीस ऐसा उजेड पडला कीं, दोष यंत्राचा नसून तिथीचा आहे. त्यांनीं यंत्राचे पंचांगचक्रास खुंटी मारविली, चक्र प्रतिपदेवर थांबलें, कागद असलावर बसला, आणि यंत्र खरें बोलत असतां लोकांनीं दुसरी तिथी मानणें हा राजद्रोह होय, सबब दवंडी पिटली कीं मागले तीन दिवस पाडवेच धरावे, आणि आजही पाडवा. आणि दुसरे दिवशीं, आज पाडवा. आणि मग रोजच. लोकांनीं रोज गुढी उभारावी, रोज कडुनिंब खावा, रोज श्रीखंड करावें. पंधरा दिवसांत शहरांतील कडुनिंब बोडके जाहले, गुढ्यांचीं लुगडीं उन्हानें फटफटीत जाहलीं, आणि श्रीखंडाचें नांव काढतां पोरें पलंगाखालीं शिरूं लागलीं. पाठशाळेस तर सुट्टी लागलेली, आणि तिथी सरकेना तों ती संपेना, म्हणोन ठकी आणि मैना पहिले आठ दिवस नाचल्या, पुढले आठ दिवस झोपल्या, आणि मग भिंतीवरच्या पाली मोजूं लागल्या.

परंतु ज्याचें खरें नुकसान जाहलें तें कोणीं पाहिलें नाहीं. भिवराबाई पैलतीरच्या, अलीकडे छात्रालयांत राहोन शिकत. परीक्षा आटोपली, सुट्टी लागली, बाकी एकोणतीस मुली आपापल्या गांवीं बैलगाडीनें, मोटारीनें गेल्या, आणि भिवरानें द्वितीयेचे पहिले होडीनें जावें ऐसें ठरलें होतें. द्वितीया आलीच नाहीं. छात्रालयाचे लांबलचक दालनांत तीस खाटा, त्यांत एकोणतीस वळकट्या गुंडाळलेल्या, आणि मध्यें भिवरा. पहिले पहिले तिनें मौज केली, रोज नव्या खाटेवर निजली, एकटीच फुगडी घातली, आपला आवाज दालनांत फिरोन कसा येतो तें पाहिलें. मग तिसाव्या खाटेवर निजून जाहलें आणि निजायास नवी खाट उरली नाहीं, आणि मग आवाजही करवेना. दुपारीं ती धक्क्यावर जाऊन बसे. पलीकडे मिठाचे ढीग पांढरे दिसत, त्यांत माणूस दिसत नसे. तरी ती एका ढिगाकडे पाहोन म्हणे, हा आमचा. चैत्र वद्य पंचमीस तिला पंधरा पुरीं व्हावयाचीं होतीं, तिनें मनाशीं हिशेब धरोन तो दिवस ओळखिला, आणि स्वयंपाकीणबाईंस म्हणाली, “मावशी, आज माझा वाढदिवस आहे.” तेव्हां मावशी म्हणाल्या, “आज पाडवा आहे बाई. वाढदिवस पाडव्याला असता तर रोज केला असता,” आणि श्रीखंडाची वाटी पुढें सारिली. ते दिवशीं ती जेवली नाहीं. चैत्र वद्य जाऊन वैशाख लागला तरी दारांत गुढीच. हें सर्व मनांत घेऊन ती दरबारीं उभी राहिली होती, आणि पैज हें निमित्त.

सवाल ऐकोन महाराज गादीवर रेलले होते ते सरळ बसले आणि पंतांकडे पाहोन बोलते जाहले, “पंत, पोर विचारते तें आम्हांसही विचारावयाचें होतें. आम्हांस श्रीखंडाचा वीट आला आहे.” पंत लवून म्हणाले, “महाराज, यंत्र बरहुकूम आहे.” भिवरा म्हणाली, “बरहुकूम आहे, पण बरोबर नाही ना!” ठकीचे तोंडांतून बोळा निसटला आणि ती मोठ्यानें हंसली. पंत म्हणाले, “बाई, काल बरोबर ठरलेल्या कागदाशी आजचा कागद जुळतो. याहून बरोबर ते काय असतं?” भिवरा म्हणाली, “अहो पंत, रोज बदलायचं ते बदलणारच की! मी मोठी झाले म्हणून आयेनं मला ओळखू नये होय? असलाला झरोके पाडा. तिथी असते तिथं कात्रीनं झरोका, मग त्यातून कुठलीही तिथी दिसली तरी चालेल. बाकीचं अक्षर जिथल्या तिथं.” महाराजांनीं मांडीवर थाप मारिली आणि हुकूम केला कीं, खुंटी काढावी, असल कागद आणि कात्री या मुलीचे हातीं द्यावी, आणि होडीपत्रावर सहीही तिनेंच करावी. पंतांनीं कागद दोन्ही हातांनीं दिला, आणि देतां देतां अंमळ धरोन ठेविला, इतकें भिवरानें पाहिलें, परंतु ते क्षणीं तिजला मागें टाळ्या ऐकूं येत होत्या.

खुंटी निघतांच चक्र गरगरलें आणि यंत्रानें छापिलें, ‘आज वैशाख शुद्ध द्वादशी.’ रामनवमी, हनुमानजयंती, अक्षयतृतीया न होतांच होऊन गेल्या, लोक चक्रावले, तरी गुढ्या उतरल्या आणि रस्त्यांत लोक एकमेकांस “द्वादशी हो, द्वादशी!” म्हणोन भेटले. भिवरानें तिथीस झरोका पाडिला. मग पाणी रोज निराळें, म्हणोन हातांचे आंकड्यास झरोका पाडिला. आणि मग लोक येऊं लागले. यंत्राचे शास्त्रीबुवा म्हणाले, “यंत्र कधी ‘भरती’ छापतं, कधी ‘पाणी’ छापतं, तिथंही जरा…” भिवरा म्हणाली, “चालेल!” होडी हांकणारा तांडेल म्हणाला, “कधी ‘होडी’ येतं, कधी ‘नाव’.” “चालेल!” मैना म्हणाली, “ए, मधे एक फुलाच्या आकाराचा पाड ना, छान दिसेल.” “चालेल, चालेल!” चाळीस दिवस जिला कोणीं कांहीं विचारिलें नव्हतें तिला आतां सारें शहर विचारीत होतें, आणि प्रत्येकास हो म्हणतां तिचे छातींत दिवा लागल्यासारखें होई. तीन दिवसांत असलावर कागद थोडा आणि झरोके फार ऐसें जाहलें. उजेडास धरिला तर भिंतीवर जाळीची सावली पडे. यंत्रानें कांहींही छापावें आणि कसोटींत उतरावें. खुद्द भिवराबाईंनीं या तीन दिवसांत होडी गांठिली नाहीं, कां कीं महाराजांनीं चौथे दिवशीं तिजला शेला देण्याचें योजिलें होतें आणि मातापित्यांनीं तो समारंभ पाहावयास यावें ऐसी तिची हौस. तिनें होडीबरोबर निरोप धाडिला, “तुम्हीच या. माझी सही बघायला मिळेल.”

चौथे दिवशीं सकाळीं यंत्रानें छापिलें, ‘आज वैशाख शुद्ध पौर्णिमा. भरती नऊ हात. पैलतीरची होडी खुली.’ भिवरानें झरोक्यांचा कागद वर ठेविला, नऊ हा आंकडाच होता, सबब चाललें, आणि तिनें खालीं सही केली. शास्त्रीबुवांनीं आदले दिवशीं वहींत एक दुरुस्ती केली होती आणि तींत भरतीची वेळ ओहोटीचे जागीं गेली होती, हें कोणास ठाऊक नव्हतें. होडी उरल्यासुरल्या पाण्यांतून कशीबशी पलीकडे लागली. परतीस पदाजी आणि त्याची बायको भागाई बसावयास आलीं, नवीं लुगडीं-धोतरें नेसून. पदाजीचा जन्म मिठागरांत गेलेला, त्यानें पाण्याकडे पाहिलें आणि तांडेलास म्हणाला, “पाणी उतरतंय रे. थांब जरा.” तांडेल म्हणाला, “कागदावर नऊ हात आहे. खाली सही कोणाची, वाच.” पदाजीनें कागद डोळ्यांजवळ नेऊन एकेक अक्षर लावलें, भि, व, रा, आणि पुन्हां एकदां लावलें, आणि मग होडींत बसला.

खाडीचे मध्यावर होडी चिखलांत रुतली, आणि पाणी निघून गेलें, आणि होडी कलंडली ती पदाजीचे पायावर. धक्क्यावरून तें सारें दिसत होतें, आणि हांक ऐकूं येत होती, आणि जाववत नव्हतें. भिवरा तशीच चिखलांत शिरली, गुडघ्यापर्यंत गेली, कमरेपर्यंत गेली, आणि तिला कोणीं मागें ओढिलें. मग लोकांनीं फळ्या टाकिल्या आणि एकेकास फळीवर पालथें घालून ओढून आणिलें. जीव कोणाचा गेला नाहीं. पदाजीची नडगी मोडली. वैद्य कामट्या बांधीत असतां त्यानें लेकीस जवळ बोलाविलें आणि म्हणाला, “सही छान करतेस. ‘भ’ जरा मोठा काढतेस.” ती हंसावी म्हणोन तो बोलला, परंतु तिजला हंसूं येईना. ती म्हणाली, “बा, तुला दिसत होतं ना पाणी उतरताना? मग बसलास कशाला?” तो म्हणाला, “तू लिहिलंयस म्हटल्यावर मीच चुकत असेन, असं वाटलं.” भागाई तोंड फिरवून पदर पिळीत राहिली.

शेल्याचा समारंभ राहिला. ज्यांनीं झरोके मागितले होते त्यांस भिवरा भेटली तों शास्त्रीबुवा म्हणाले, “आम्ही आपलं विचारलं. कात्री तुझ्या हातात होती,” आणि तें खरें होतें. ठकी आणि मैना दोन दिवस फिरकल्या नाहींत. आई वैद्याकडे बापाजवळ, आणि भिवरा पुन्हां तीस खाटांचे दालनांत. परंतु पूर्वीं ती पलीकडे कोणी आहे म्हणोन एकटी होती, आतां पलीकडे पाहणेंसही तोंड उरलें नव्हतें. तिसरे दिवशीं दुपारीं अंताजीपंत आले, दारांतच उभे राहिले, हातांत तो चाळणीसारखा असल. भिवरा म्हणाली, “बोला. बोलायलाच आला असाल. बरहुकूमच बरं होतं, हेच ना?” पंत म्हणाले, “नाही. पाणी दे आधी.” पाणी पिऊन ते खाटेच्या कडेवर बसले आणि दोन्ही चष्मे काढून पुशीत राहिले. मग म्हणाले, “पूर्वी होडीपत्र कारकून हातानं लिहीत, तेव्हाही मीच तपासायचो. एकोणीस वर्षांमागं एका पत्रात ‘वारा’ या शब्दापुढं जागा कोरी होती. कारकून म्हणाला, लिहायचं राहिलं, वारा काही फार नाही. मी म्हटलं, चालेल. होडी तिसऱ्या दिवशी सापडली. रिकामी. माणसं सगळी पैलतीरची होती.” भिवरानें भांडें पुन्हां भरोन पुढें केलें. पंत म्हणाले, “तेव्हापासून मी कुणालाही ‘चालेल’ म्हटलं नाही. आणि एक नेम केला, ज्यानं सही केली त्यानं होडी परत लागेपर्यंत धक्का सोडायचा नाही. खाडी मी त्यानंतर ओलांडली नाही. त्या लोकांना तोंड कसं दाखवू? तू पाडव्याचं विचारलंस ना, खरं सांगू, होडी बंद असली की मला झोप लागायची.”

तेव्हां भिवरानें पंतांकडे प्रथमच नीट पाहिलें, आणि तिला ऐसें वाटलें कीं या माणसाचेंही एक तीस खाटांचें दालन आहे. ती उठली, नवा कागद आणिला, आणि दोघें जमिनीवर बसलीं. पंतांनीं विचारावें, “तिथीला झरोका?” तिनें म्हणावें, “हवा. पण उघडा नको. पलीकडं पंचांग धरायचं, त्यात आज जी असेल तीच दिसली पाहिजे.” पंतांनीं म्हणावें, “पाण्याला?” तिनें बराच वेळ कात्री उघडझांप करावी आणि म्हणावें, “आकडा आहे एवढ्यावर नाही भागत. धक्क्याच्या खांबावर हातांच्या खुणा करू. ज्याची सही, त्यानं खाली उतरून खूण बघायची. जुळली तरच.” “खुली आणि बंद?” “तिथं झरोका नाही. दोनच शब्द, तिसरा आला की मोहोर. तिथं बरहुकूम.” हा शब्द आपले तोंडून निघाला हें ऐकोन ती दचकली. मग ती म्हणाली, “आणि ‘पैलतीरची’च्या ठिकाणी ‘पैलतीराची’ आलं तर?” पंत म्हणाले, “मुळीच नाही.” “का पण? होडी तिथंच जाणार ना?” पंतांनीं शब्द बोटानें चाचपला, वर पाहिलें, खालीं पाहिलें, ओंठ दोनदां हलले, आणि मग ते इतके हळू बोलले कीं तिला पुढें वाकून ऐकावें लागलें, “चालेल.” आणि बोलून ते कांहीं वेळ भिंतीकडे तोंड करोन बसले. भिवरानें तेवढ्या वेळांत तेवढाच झरोका नीट पाडिला, आणि त्यांजकडे पाहिलें नाहीं.

येणेंप्रमाणें राज्यांत वैशाख वद्य लागला, असल नवा जाहला, अर्धा बरहुकूम आणि अर्धा झरोक्याचा, आणि यंत्रशास्त्री त्याच दिवशीं पहिल्या कसोटींत नापास होऊन वही दुरुस्त करीत बसले, हें उत्तम जाहलें. षष्ठीस सकाळीं कागद कसोटींत उतरला. भिवराबाई पायऱ्या उतरोन खांबाशीं गेल्या, खूण पाहिली, सहा हात, तळवा ओला करोन वर आल्या आणि सही केली. पदाजीस खाटेसकट होडींत ठेविलें, भागाई उशाशीं बसली, आणि अंताजीपंतही बसले, होडीची कड दोन्ही हातांनीं धरोन, डोळे मिटून. त्यांस न्यावें ऐसा आग्रह भिवराचाच होता. भागाईनें आपले शेजारची फळी पदरानें पुसली आणि लेकीस हात केला. ती जागची हलली नाहीं. धक्क्यावर उभी राहोन, कागद छातीशीं धरोन, सर्वांस ऐकूं जाईल ऐशा आवाजांत ती मातापित्यांस म्हणाली, “आये, बा, मी येत नाही. सही माझी आहे, तेव्हा होडी परत लागेपर्यंत मी इथंच उभी राहणार, आणि सुट्टी संपेतो इथली सही मीच करणार आहे, पंतांना सांगून झालंय. बा, वाटेत पाणी उतरतंय असं वाटलं तर कागदाकडं बघू नकोस, होडी फिरवायला सांग.”